तीस वर्षं चिंचेखाली उभ्या बसचे जाम नट-बोल्ट कसे सोडवायचे?

प्रश्न: आर्वी तालुक्यात आमची वाडी आहे. आजोबांनी लिलावात घेतलेली बोनेटवाली टाटा-मर्सिडीज बस तीस वर्षांपासून चिंचेखाली उभी आहे. आधी तिच्यातून लग्नाची वऱ्हाडं जायची. बंद पडल्यावर तिच्यात कापूस ठेवला, मग खताची पोती. आता ती मूळ रूपात उभी करायची ठरवली आहे. पण सीटचे बोल्ट, खिडक्यांचे स्क्रू, मागची शिडी, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, चाकांचे नट, काहीच हलत नाही. आठ दिवसांत सात बोल्ट तुटले. गावातला वेल्डर म्हणतो, सगळं गॅसने कापून टाकू. काय करावं?

उत्तर:

भाऊ, वेल्डरला चहा पाजा आणि सध्या घरी पाठवा. त्याची गरज लागणार आहे, पण आज नाही.

सात तुटले म्हणून खचू नका. कुठले सात, ते मात्र बघा. सीटचा बोल्ट तुटला तर पंधरा-वीस रुपयांचं नुकसान. नवा बोल्ट आर्वीच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. मॅनिफोल्डचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, इंजिनाच्या हेडमध्ये तुटून राहिला, तर पुढचा आठवडा त्याच्यापायी जातो, आणि हात चुकला तर हेडच जातं. दाराची ओतीव बिजागरी, खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी, कंडक्टरच्या घंटीचा पितळी कंस, या वस्तू आता कुणी बनवत नाही. माझा सगळा हिशोब इथून सुरू होतो. बोल्ट मेला तरी चालेल, तो ज्यात बसलाय ते जगलं पाहिजे.

म्हणून पाना उचलण्याआधी खडू उचला आणि बसभोवती, बसच्या आत, बसखाली एक फेरी मारा. जो बोल्ट कापला तरी मागे काही बिघडत नाही, त्याच्यावर फुली. ज्याच्या मागे न मिळणारी वस्तू आहे, त्याच्याभोवती गोल. बहुतेक फुल्याच निघतील. पाट्यांचे (चाकांवरच्या पट्टीदार स्प्रिंगांचे) यू-बोल्ट, सीटचे पाय, शिडीचे खालचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट, सगळ्यांवर फुली. यू-बोल्ट तर निघाले तरी पुन्हा वापरायचेच नसतात. फुलीवाल्यांवर तेल आणि कंबर खर्च करू नका. ग्राइंडर लावा आणि मोकळे व्हा.

गोलवाले मात्र सावकाश. माझे उस्ताद शकुंतला रेल्वेवर फिटर होते, मूर्तिजापूर-यवतमाळच्या त्या छोट्या गाडीच्या वाफेच्या इंजिनावर हात बसलेला माणूस. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. त्याचे नट शेकडो वेळा उघडले-लावले गेले असतील, तरी आटे शाबूत. मी पोरगा होतो, पान्यावर लोंबकळायचो. ते बिडी पेटवून म्हणायचे, "अबे, तो तीस वर्षं बसला हाये, त्याले घाई नाही. तुले कायची घाई हाये?"

तुमची पहिली चूक बहुधा पान्याची असेल. या बसमध्ये दोन माप-पद्धती एकत्र नांदतात. चेसिस आणि इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, म्हणून तिथे मिलिमीटर. पण बॉडी आपल्याकडे बांधलेली, आणि त्या काळी बॉडी बांधणारे बाजारात मिळेल तो इंची बोल्ट लावत. देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली खरी, पण हार्डवेअरच्या दुकानात आजही 'तीन सुती', 'चार सुती' बोल्टच मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या पाव इंची व्हिटवर्थ (इंग्रजी इंची पद्धतीच्या) बोल्टच्या मोठ्या डोक्याची रुंदी साधारण १३.३ मिलिमीटर असते. त्यावर १३ चा पाना जात नाही आणि १४ चा लावला की डोकं गोल होतं. तुमच्या सातातले दोन-तीन असे आधी गोल होऊन मग व्हाइस-ग्रिपने तुटले असतील, तर मला नवल वाटणार नाही. बॉडीला हात लावण्याआधी इंची पान्यांचा सेट जुन्या बाजारातून मिळवा. घट्ट बसलेल्या नटाला बारा कोनी रिंग पाना नको, सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. ती कोपऱ्यांवर न दाबता सपाट बाजूंवर दाबते. पान्याला पाइप लावून लांब करणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही फक्त फुलीवाल्यांसाठी.

आता तेलाआधी पाणी. हो, गंजलेल्या बसला पाणी! तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'खत' आहे. आपल्याकडची हवा कोकणासारखी खारट नाही, त्यामुळे विदर्भात उभ्या गाडीला गंज हळू चढतो. पण खताची पोती ठेवलेली ट्रॉली बघा, दोन पावसाळ्यांत तिचा तळ चाळणी होतो. खतातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पोटॅशमधलं क्लोराईड लोखंडाला मिठासारखंच खातं. घरी विचारा, नुसता युरिया होता की पोटॅशही होतं. पोती जिथे होती तिथे बसच्या मधल्या भागात, सीटच्या पायांशी आणि फळ्यांखाली गंज जास्त दिसेल. चिखल लागतो त्या चाकांच्या वर तेवढा नसेल. त्या क्षारांवर तेल ओतलं तर क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि काम चालू ठेवतात. म्हणून कडक उन्हाचे दिवस बघून आतला तळ, सांधे, बोल्टांची डोकी पाण्याने दोन-तीनदा धुवा, काळी माती खरवडून काढा आणि दोन दिवस वाळू द्या. काळी माती ओल धरून ठेवते हे शेतकऱ्याला मी काय सांगू! पाट्यांच्या मध्ये अडकलेला तिचा गोळा उन्हाळ्यातही आतून दमट असतो.

आणि खालून हात घालण्याआधी लाकडाने ठोकून आवाज करा. मी एकदा बॅटरीच्या पेटीत हात घालणार होतो, तिथे घोणस होती.

युरियाचा दुसरा त्रास पितळेला. युरिया ओला होऊन कुजला की अमोनिया सुटतो, आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने भेगा पडतात. ही गोष्ट हिंदुस्थानातच उघडकीला आली. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. तेव्हा घंटीचा कंस, दाराच्या मुठी, पितळी स्क्रू यांच्यावर पाना लावण्याआधी भिंगाने बघा. केसासारखी रेघ दिसली तर तिथे जोर नाहीच करायचा. उलट लोखंडी पिन कापून पितळ वाचवायचं. पितळ साफ करायला वरच्या झाडाची चिंच आहेच. कोळ लावा आणि लगेच धुवा.

आता तेल. डब्ल्यूडी-४० चा डबा सगळ्यांकडे असतो, पण त्याचं नावच सांगतं की तो पाणी हटवायला बनवला होता. १९५३ सालचा चाळिसावा प्रयोग, म्हणून चाळीस. हलक्या गंजाला तो चालतो, तीस वर्षांच्या गंजाला कमी पडतो. आत झिरपणारं तेल पातळ हवं आणि त्याची धातूवर पसरायची ओढ जास्त हवी. मी वर्षानुवर्षं पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे वापरतो. दोन्ही नीट मिसळत नाहीत, प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोन पेट घेतो, रंग आणि रबर खातो. त्याचा आणखी एक गुण आपल्याकडे दोष ठरतो. तो ५६ अंशांना उकळतो, आणि मे महिन्यात दुपारी बसच्या पत्र्यावर हात ठेवून बघा. म्हणून तेल संध्याकाळी. दिवसभर तापलेलं लोखंड निवायला लागलं की फटीतली हवा आक्रसते आणि तेल आत ओढलं जातं असा माझा अनुभव आहे. सकाळी लावलेलं तेल मात्र उन्हाने बाहेरच्या बाहेर वाळतं. ॲसिटोन नसेल तर डिझेल आणि थोडं इंजिन ऑईल, तेही वाईट नाही. वेळ जास्त लागतो इतकंच.

आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ करा, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यावरच अडतं. मग पाच संध्याकाळी रोज दोन थेंब, आणि प्रत्येक वेळी नटाच्या सपाट बाजूंवर हातोडीचे आठ-दहा टोले. मागच्या बाजूने दुसरा जड हातोडा टेकवून धरा, म्हणजे धक्का पत्र्यात न जाता नटात जाईल. गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा घेतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा ठोकून बसलेला असतो. टोल्यांनी ती पाचर चुरडते आणि तेलाला वाट मिळते. जोरात मारायचं नाही. एकसारखं मारायचं.

सहाव्या दिवशी पाना. आणि पहिला जोर सोडायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने, अगदी थोडा. हललं की 'कट्' असा कोरडा आवाज येतो. तो आवाज ओळखा, सगळी विद्या त्यात आहे. आवाज न होता पाना हळूहळू, रबरासारखा जात असेल तर नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. तिथल्या तिथे थांबा. तुमचे उरलेले चार-पाच बोल्ट असेच गेले असणार. 'कट्' आला की पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, तेल, पुन्हा सोडा. किरकिरला की मागे या. एका नटाला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

एवढ्यावर न हलणारे जे राहतील त्यांच्यासाठी आग. आग कशी काम करते हे तुमच्या आजोबांनी पाहिलेलं असेल, कारण बैलगाडीच्या चाकावर धाव अशीच चढवायचे. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान, ती गोवऱ्यांच्या आगीत तापवली की वाढते, चाकावर बसते, पाणी ओतलं की आवळते. आपल्याला उलटी धाव करायची आहे: नट तापवून वाढवायचा आणि आतला बोल्ट शक्य तितका थंड ठेवायचा. लोखंड एका अंशाला दहा लाखात सुमारे १२ भाग वाढतं. १२ मिलिमीटरच्या बोल्टावरचा नट बोल्टापेक्षा ३०० अंश जास्त तापला, तर त्याचं भोक ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी. पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. म्हणून ज्योत नटावर, बारीक नोझलने, झटपट. सावकाश तापवत बसलात तर बोल्टही तेवढाच तापतो आणि फायदा संपतो. लाल रंगही दरवेळी लागत नाही. तापवा, निवू द्या, तापवा, असं दोन-तीनदा केलं की पुष्कळदा तो नुसत्या हाताने येतो.

त्याहून गुणी उपाय मेणाचा. नट तापवा, ज्योत बाजूला करा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचेल एवढा निवू द्या, आणि आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत खेचलं जातं, समईची वात तेल ओढते तसं. नट फार लाल असेल तर मेण पेटतं, आत जात नाही. मॅनिफोल्डच्या नटांना मी हाच उपाय पहिला करतो. तिथे इंजिनाच्या उष्णतेने तेलाचा जळून कोळसा झालेला असतो, गार तेल तिथे हरतं.

आगीबाबत माझ्या दोन चुका सांगतो, तुम्ही करू नका. एका लेलँडच्या पाट्याचा ओतीव कंस मी तापवला आणि घाईत त्यावर पाणी मारलं. बिडाला 'टण्ण' असा तडा गेला. पोलादी नटाला पाणी चालेल, बिडाला कधीच नाही, त्याला राखेत किंवा वाळूत निवू द्या. दुसरी चूक मोठी. एका जुन्या मिनीबसच्या आतल्या पत्र्याचे बोल्ट तापवले, काम आटोपून घरी आलो, आणि रात्री शेजाऱ्याने धूर बघून उठवलं. पत्र्याच्या मागे उंदरांनी कापसाचं घर केलं होतं. दाबून बसलेला कापूस भडकत नाही, आतल्या आत तासन् तास धुमसतो. जिनिंगवाल्यांना विचारा. तुमच्या बसमध्ये कापूस साठवलेला होता, म्हणून आतल्या कुठल्याही बोल्टाला ज्योत लावण्याआधी मागचा पत्रा काढा किंवा फटीतून हवा मारून सगळं बाहेर काढा. पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि आगीचं काम दुपारी चारनंतर करू नका, म्हणजे झोपेपर्यंत दोनदा बघून येता येतं.

डिझेलची टाकी रिकामी असली तरी तिच्याजवळ ज्योत नको, आतल्या वाफा पेटतात. शॉक ॲब्सॉर्बर आणि बंद पोकळ नळ्या तापवू नका, फुटतात. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापला की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री हिव भरून ताप येतो. गूळ खा, दूध प्या, असं सगळे वेल्डर सांगतात. त्याने ताप अडत नाही. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा आणि धुरात तोंड घालू नका. स्टिअरिंगचे, ॲक्सलचे आणि पाट्यांचे बोल्ट तापवून सोडवले तर ते परत लावायचे नाहीत, त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं.

चाकांचे नट वेगळ्या भीतीने बघा. तिथे गॅस अजिबात नाही. टायर रिमवर असताना नट तापवला तर टायरच्या आत रबर जळून वायू साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा कमी असली तरी फुटतो. त्यातून तुमच्या बसच्या रिमला बहुतेक सुटी लोखंडी रिंग असेल. ती गंजलेली असते, आणि मागच्या जोडचाकांचे नट सोडताना सुटून आली तर माणूस मरतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सहाही टायरची हवा पूर्ण सोडा. तीस वर्षांत हवा राहिली नसेल असं धरून चालू नका. मग एक साधी गोष्ट तपासा, जिच्यापायी कित्येक स्टड फुकट गेलेत: त्या काळच्या पुष्कळ जड गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला दिसतो का बघा, नाहीतर बाहेर आलेल्या आट्यांचा उतार कुठे आहे ते बघा. सोडतोय समजून तुम्ही आठ दिवस आवळत तर नाही ना?

चाक निघालं आणि ब्रेकचा ड्रम आला नाही, तर आतले ब्रेकशू गंजून चिकटलेत. आधी ब्रेकचा ॲडजस्टर पूर्ण सैल करा. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. एकाच बोल्टावर जोर केला तर ड्रम तिरका होऊन अधिकच अडतो. आतली धूळ फुंकू नका, कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

खिडक्यांच्या स्क्रूंचा गंज लाल नाही, पांढरा दिसेल. ॲल्युमिनियमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू, आणि दोघांमध्ये तीस पावसाळे. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड स्क्रूला सिमेंटसारखी धरते. इथे एक सोय आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, म्हणून सगळीच पट्टी तापली तरी भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. हीट गन पुरते. गॅसच वापरायचा झाला तर लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते तसंच उभं असतं आणि ६६० अंशांच्या आसपास एकदम खाली ओघळतं. जवळ धुण्याच्या साबणाची रेघ ओढा. साबण काळा पडायला लागला की ज्योत काढा, त्याच्यापुढे पट्टी मऊ पडते. काच आधी काढून ठेवा. स्क्रूची खाच बुजली असेल तर हॅक्सॉच्या पात्याने पुन्हा पाडा. मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो एकाच टोल्यात खाली दाबतो आणि फिरवतो, म्हणून खाच सोलत नाही. नुसत्या स्क्रू ड्रायव्हरवर मनगटाचा जोर लावणं म्हणजे खाच आपणच मोडणं.

लाकडातले स्क्रू त्यामानाने सोपे. जुन्या बॉडीत सागवान असेल, बहुधा आपल्याच आलापल्लीकडचं, आणि सागाच्या तेलाने स्क्रू बऱ्यापैकी टिकतात. तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा, आधी किंचित आवळा, मग सोडा.

आता जे तुटलेच आहेत ते. सीटचे असतील तर ड्रिल मारा आणि विसरा. हेडमध्ये तुटलेला मॅनिफोल्डचा स्टड असेल तर सगळ्यात आधी, त्याला 'इझी-आउट' लावायचा मोह आवरा. ते उलट्या आट्यांचं निमुळतं हत्यार तुटक्या स्टडच्या भोकात घालून फिरवतात. जो स्टड सहा कोनी गोटीला दाद देत नव्हता, तो बोटाएवढ्या हत्याराला काय देणार? वर ते निमुळतं असल्याने स्टडला आतून फुगवतं. मी एकदा ते आत तोडलं. ते इतकं कडक पोलाद असतं की त्याला ड्रिल लागत नाही. हेड उतरवून नागपूरला हिंगणा एमआयडीसीत नेलं, तिथे स्पार्क मशिनवर ठिणग्यांनी ते खाऊन काढलं. दीड महिना गेला, आणि ते मशिन नसतं तर हेड भंगारात गेलं असतं.

योग्य रीत ही. स्टडचं थोडं टोक बाहेर असेल, किंवा तो पृष्ठभागाशी सपाट असेल, तर इथे तुमच्या वेल्डरला बोलवा. स्टडवर एक वायसर ठेवून आतून वेल्ड करायचा, मग त्या वायसरवर नट ठेवून नटाच्या पोटात वेल्ड भरायचा. लाल गोळा होऊन निवला की मेण लावायचं आणि नट पान्याने फिरवायचा. इथे उष्णता अगदी गाभ्यात पोचते, शिवाय पकडायला नवं डोकं मिळतं. पहिला वेल्ड तुटेल, दुसराही तुटेल. पाचव्यांदा आलेले स्टड मी पाहिलेत. स्टड आत खोल असेल तर आधी पंचाने अगदी मध्य साधा, हे काम घाईचं नाही. मग तीन मिलिमीटरच्या ड्रिलपासून सुरुवात करून वाढवत जा. उलट्या फिरणारे ड्रिल मिळाले तर उत्तमच, कित्येकदा ड्रिल चालू असतानाच स्टड स्वतःहून बाहेर येतो. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येते. त्याला कमीपणा मानू नका.

बिजागऱ्या, मुठी, छोट्या लोखंडी वस्तू सुट्या निघाल्या की त्या धुण्याच्या सोड्यात टाका. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाण्याला साधारण पन्नास ग्रॅम सोडा, वस्तू बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, भंगारातला लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला, दोघांचा स्पर्श नको. रात्रभरात गंज सैल होऊन काळ्या गाळासारखा निघतो. काम उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो. पत्रा म्हणून स्टेनलेस वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ॲल्युमिनियमची वस्तू या टबात चुकूनही टाकू नका, सोडा तिलाच खातो. भारनियमनाचा त्रास या कामाला होत नाही. वीज आली की ते आपोआप पुढे चालतं.

परत लावताना लोखंडाला लोखंड असेल तिथे कॉपर ग्रीस. ॲल्युमिनियमशी तांबं नको, तिथे साधं जाड ग्रीस आणि नायलॉनचा वायसर. 'स्टेनलेसचे स्क्रू लावले की कटकट गेली' असं दुकानदार सांगेल. गंजणार नाहीत ते स्क्रू, भोवतीचं ॲल्युमिनियम मात्र झिजेल. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोराला कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो, तेव्हा हात हलका ठेवा. चाकांच्या नटांच्या बसकेला ग्रीस नाही.

आज संध्याकाळी पहिलं काम खडूचं. उद्या-परवा पाणी, मग दोन दिवस ऊन, त्यानंतर तेल सुरू. तुटलेल्या सातांत हेडमधले किती आणि ते किती खोल आहेत, याचा फोटो काढून ठेवा. वेल्डरला कधी परत बोलवायचं ते त्यावर ठरेल.